उलटा दिवा

आमच्या घरात दिवा विझत नाही. वारा सुटो, तेल संपो, वातीचा कोळसा होवो, तो फक्त शांत होतो. लग्न होऊन मी नवी मुंबईतल्या शिरवण्यात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात हे मला कळलं. देवघरावरून जाता जाता मी सहज म्हणाले, "आई, समई विझली." सासूबाई कोलंबी सोलत होत्या. त्या तशाच उठून आल्या आणि माझ्या तोंडावर हात ठेवणार, एवढ्यात त्यांना हाताचं भान आलं. हात हवेतच थांबला. "विझली नाय बोलाचा गो," त्या म्हणाल्या. "शांत झाली बोलाचा." कोलंबीचा वास नाकात आणि नवा शब्द कानात, अशी माझी सासरची शिकवणी सुरू झाली.

माझं माहेर साताऱ्याकडचं. वडील मार्केटात माथाडी होते. आम्ही कोपरखैरण्याच्या ज्या खोलीत वाढलो, तिथे लाइट आली रे आली की चिमणीवर फुंकर मारायला आम्हा भावंडांची झुंबड उडायची. शुभ-अशुभ आमच्याकडेही होतं, नाही असं नाही, पण माझ्या आईला कामाच्या रगाड्यात शब्द निवडून बोलायला सवड नव्हती. सासर मात्र इथलंच, आगरी. शेतं गेली, त्या जागी भाड्याच्या खोल्या उभ्या राहिल्या, शेताच्या बांधावर आता रिक्षा स्टँड आहे, पण शब्दांचं सोवळं तेवढं जिथल्या तिथे आहे.

हे एवढं पाल्हाळ लावायचं कारण म्हणजे या एका शब्दापायी आमची गाडी भंगारात निघाली होती.

गाडी म्हणजे बाबांची, माझ्या सासऱ्यांची, जुनी पांढरी पेट्रोल गाडी. बाबांच्या गुडघ्यांनी क्लच दाबायला नकार दिला तेव्हा ती वर्षभर दारात उभी होती. मांजरांनी तिच्या बॉनेटवर संसार थाटला होता. मग एक दिवस आईंनी जाहीर केलं की त्या गाडी शिकणार. बाबा एवढे हसले की त्यांना ठसका लागला. आईंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, पाणी दिलं आणि दुसऱ्या दिवशी जाऊन ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. त्या स्कूलचा शिकवणारा अजून आमच्या गल्लीतून जाताना जरा वाकून, जपून जातो. आई पास झाल्या. त्यांना सगळं येतं, फक्त रिव्हर्स येत नाही. "मना पुढं जायाचा हाय, मागं कशाला?" असं त्या विचारतात. चुकून पुढे गेल्या तर मागे घेण्याऐवजी सबंध गावाला प्रदक्षिणा घालून परत त्याच जागी येतात.

रोज सकाळी त्या दिवाळे गावच्या जेट्टीवर मासळीला जायच्या. पूर्वी कुणाच्या तरी स्कूटरवर मागे बसून, पिशवी मांडीवर धरून जावं लागायचं. आता स्वतःची गाडी, डिकीत स्वतःचा थर्माकोलचा खोका, आणि मागच्या सीटवर गल्लीतल्या दोघी-तिघी. त्या गाडीत काय काय बोललं जायचं ते मी कधी कधी रविवारी बरोबर जाऊन ऐकलं आहे. ते इथे लिहिलं तर माझी पंचाईत होईल. बाबाही अधूनमधून शेजारी बसायचे. नसलेला ब्रेक दाबून दाबून त्यांनी त्यांच्या बाजूच्या पायपुसण्याला भोक पाडलं आहे. "अगो, गतिरोधक! अगो, कुत्रा!" असं चाललेलं असायचं. आई त्यांना रेडिओसारखं चालू ठेवायच्या आणि लक्ष रस्त्यावर ठेवायच्या.

त्यांच्या तोंडी गाडीची 'गारी' होते. "माझी गारी" असं त्या म्हणायच्या तेव्हा बाबा लगेच दुरुस्ती करायचे, "माझी." आई मान डोलवायच्या आणि चावी ब्लाउजमध्ये ठेवायच्या.

तर एका रविवारी मी शेजारी बसले होते. गावदेवीच्या देवळापाशी रस्ता एकदम डावीकडे वळतो. आईंनी वळण घेतलं आणि समोर स्टिअरिंगच्या मागे काहीतरी लाल चमकून गेलं. आईंनी एक हात छातीला लावला.

"ते काय होतं?" मी विचारलं.

"दिवा. देवीच्या पुढ्यात आली का लागतंय."

त्यांच्या आवाजात कौतुक असं होतं की जणू गाडीलाच सुबुद्धी झाली होती. डॅशबोर्डावरचं ते लाल चित्र मी नंतर नीट पाहिलं. छोटीशी झारी, तिला पुढे चोच आणि चोचीच्या टोकाशी एक थेंब. पण तो थेंब ज्योत आहे असं एकदा ठरवलं की मग ती झारी दिवाच दिसते, अगदी आपल्या देवघरातल्यासारखा. मला गाडीतलं ओ की ठो कळत नाही. मला वाटलं, असेल बाई. हल्लीच्या गाड्या काय काय करतात.

पुढे तो दिवा देवीला सोडून इतरत्रही लागू लागला. ते पहिल्यांदा बाबांच्या लक्षात आलं. एके दिवशी जेवताना ते म्हणाले, "अगो, ते सिग्नलला लाल काय लागतंय?" आणि आमच्या घरात मीटिंग सुरू झाली.

मीटिंग हा शब्द माझ्या नवऱ्याचा. तो ऐरोलीला सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिथे काही बिघडलं की आधी सगळे बसतात आणि 'रूट कॉज' काढतात. बिघडलेलं दुरुस्त होतं की नाही ते मला माहीत नाही, पण रूट कॉज निघतो. एका कानात इयरफोन ठेवून त्याने आईला विचारलं, "आई, नेमकं काय होतं ते सांग."

आईंनी भाताचं पातेलं खाली ठेवलं. "काय होनार? गारी सिग्नलला उभी राहिली का दिवा लागतंय. मंग जराशानं शांत होतंय."

"शांत होते?"

"हां. शांत होतंय."

नवऱ्याने तिथल्या तिथे आमच्या गॅरेजवाल्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. गॅरेजवाला माझ्या माहेरच्या बाजूचा, म्हणून मला ताई म्हणतो आणि आईंना मावशी. हायवेच्या अलीकडे कारखान्यांच्या रांगेत त्याचं शेड आहे. नवऱ्याने त्याला आईंचं म्हणणं आपल्या भाषेत करून सांगितलं: "ऑइलची लाल लाइट लागते सिग्नलला, आणि मग गाडी बंद पडते."

"लाइट लागून बंद पडते?" पलीकडचा आवाज गंभीर झाला. "तेल किती हाय? पट्टी काढून बघा आधी."

बाप-लेक खाली गेले. बॉनेट उघडलं, तेल बघायची पट्टी पुसली, बुडवली, काढली, पुन्हा पुसली. वर येऊन नवऱ्याने सांगितलं की तेल वरच्या खुणेच्याही वर आहे.

"मग झालं," गॅरेजवाला म्हणाला. "तेल असणं वेगळं आन तेलाला प्रेशर असणं वेगळं. तेल भरपूर, तरी लाइट लागती, आन वर गाडी बंद पडती. म्हणजे आतली बेरिंगं झिजली, इंजिन जाम व्हायला लागलंय. चालवू नका अजिबात. उघडायचं म्हटलं तर गाडीच्या किमतीपेक्षा जास्त खर्च येईल, साहेब."

"म्हंजे माझ्यासारखा," बाबा म्हणाले. "रक्त हाय, बीपी लो." जगातली कुठलीही बातमी स्वतःच्या तब्येतीवर आणून ठेवण्यात बाबांचा हात कुणी धरू शकत नाही. कांद्याचा भाव वाढला तरी त्यांना ॲसिडिटी होते.

रूट कॉज निघाला होता. नवऱ्याने आईकडे हात पुढे केला. आईंनी क्षणभर त्या हाताकडे पाहिलं, मग चावी काढून दिली. कळंबोलीला बाबांच्या ओळखीचा एक भंगारवाला होता, तो येत्या रविवारी टेम्पो घेऊन येईल असं ठरलं. नवऱ्याची स्वतःची नवी गाडी होती, पण ती बिनक्लचची, बटणाने सुरू होणारी. तिला आईंनी हात लावायचा प्रश्नच नव्हता. तिच्या दारावर एक ओरखडा पडला होता तेव्हा हा दोन दिवस नीट जेवला नव्हता.

सकाळ होताच आई पिशवी घेऊन रिक्षा स्टँडवर गेल्या. येताना रिक्षावाला मासळीच्या पिशवीतून गळणाऱ्या पाण्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मावशी, सीट खराब होईल, पायाशी धरा." दुसऱ्या दिवशी दुसऱ्या रिक्षावाल्याने पिशवी पाहून रिक्षाच पुढे काढली. मग त्या जायच्याच थांबल्या. नवऱ्याने उत्साहाने मोबाइलवरून सुरमई मागवली. ती थंडगार तुकड्यांच्या रूपात, हवाबंद पाकिटात आली. आईंनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं.

"डोले कुठं हाय हिचं?"

"आई, कट करून येते ती."

"डोले दाखवाला लाज वाटली असंल," आई म्हणाल्या आणि कालवण केलं. ते आम्ही निमूटपणे जेवलो. त्या जेवणात मीठ होतं, आंबट होतं, सगळं होतं, पण घरात कुणी दुसऱ्यांदा भात मागितला नाही.

मला सगळ्यात लागलं ते वेगळंच. एका संध्याकाळी नवरा ऑफिसातून आला तेव्हा आई दाराशी उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "बाला, सकाली जाताना मना जरा जेट्टीवर सोरशील का? वेल असला तर." या बाईने घरातल्या कुणाकडे कधी काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं. हे घर उभारताना विटा वाहिलेली, भाडेकरूंना वठणीवर आणणारी, बाबांचं सगळं बीपी एका नजरेने नॉर्मलला आणणारी बाई, आणि ती "वेल असला तर" म्हणत होती. मला खूप वाईट वाटलं. नवऱ्याला कॉल होता, तो म्हणाला, "बघू." मला त्याचा रागही आला, पण गाडी खरोखरच गेली असेल तर रागावून काय होणार होतं?

शनिवारी आमच्या गल्लीत मांडव घालायला माणसं आली. समोरच्या घरी लग्न होतं, रविवारी हळद. आगऱ्यांची हळद म्हणजे लग्नाहून मोठी, त्यामुळे मांडवही तसाच, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आमची गाडी बरोबर मध्ये. नवरा ऐरोलीला, बाबा कुणाचं तरी लग्न ठरवायला, सुपारीला. मांडववाले म्हणाले, "ढकलून घेतो, आजी."

"ढकलाला ती काय हातगारी हाय?" आई म्हणाल्या. "मी कारतंय भायेर." आणि माझ्याकडे वळल्या. "चावी आन गो."

चावी नवऱ्याच्या कपाटातल्या शर्टाच्या खिशात होती. मी आणली. गॅरेजवाल्याने चालवू नका म्हणून बजावलं होतं ते मला आठवत होतं, पण पाचपन्नास पावलं नेऊन ठेवायला काय होतं, असं मी स्वतःला सांगितलं, आणि बंद पडली तर ढकलायला असावं म्हणून शेजारी बसले. गाडी सुरू झाली. आम्ही हातभर पुढे सरकलो आणि समोरून स्पीकरच्या पेट्यांचा टेम्पो आत शिरून आडवा अडकला. मागे जायचा प्रश्नच नव्हता, मी सांगितलंच आहे. टेम्पोवाले एकमेकांना "आने दे, आने दे" म्हणत राहिले, आम्ही गाडी चालू ठेवून बसून राहिलो. इंजिन चांगलं तापलं. आणि समोर तो दिवा लागला, लालभडक.

आता बंद पडणार, असं वाटून मी सीटला धरून बसले. आईंनी ॲक्सिलरेटर जरासा दाबला. इंजिन गुरगुरलं आणि दिवा गेला.

"बग," आई म्हणाल्या. "शांत झाला."

मी त्यांच्याकडे बघितलं. इंजिनाकडे कान दिला. ते मजेत चाललं होतं.

"आई, गाडी चालू आहे."

"मंग? चालूच हाय."

"मग शांत काय झालं?"

"दिवा गो! दिवा शांत झाला! अजून काय शांत होनार?"

मला हसू आवरेना. आईंना वाटलं हिला मांडवाची धूळ लागली. दिवा विझला हे शब्द या बाईच्या तोंडून बाहेर पडणं शक्य नव्हतं, अगदी कंपनीने डॅशबोर्डात बसवलेल्या दिव्याबद्दलही नाही. आणि ज्याला तिच्या पोटी जन्म घेऊनही हे समजलं नाही त्या माणसाने फोनवर सांगितलं होतं की गाडी बंद पडते. गाडी एकदाही बंद पडली नव्हती. बंद पडला होता तो आमच्या घरातला माय-लेकाचा संवाद. मी आईंना गाडी आधी बंद करायला लावली, टेम्पो निघाल्यावर ती गल्लीच्या टोकाच्या देवळाच्या बाजूला लावली, आणि तिथूनच गॅरेजवाल्याला फोन केला.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ताई, फोनवर नाडी बघू नये असं माझा बाप सांगायचा, त्याचं ऐकायला पायजे होतं. उद्या येतो. तवर चावी लावू नका. गाडी चालू ऱ्हाती म्हणजे लाइट लागलेली चालती, असं नाय."

रविवारी मांडवात सकाळपासूनच डीजे सुरू झाला. कळंबोलीचा भंगारवाला ठरल्याप्रमाणे टेम्पो घेऊन आला आणि आमच्या गाडीच्या पुढे लावून देवळाच्या कट्ट्यावर चहा पीत बसला. पाठोपाठ गॅरेजवाला आला. नवरा सकाळपासून थोडा घुश्शात होता, कारण त्याचा रूट कॉज मी शब्दकोशावरून मोडीत काढला होता. आईंनी त्याला एवढंच विचारलं होतं, "माझी भाषा तुला कलत नाय का रं?" त्यावर त्याने इयरफोन काढून खिशात ठेवला होता.

गॅरेजवाल्याने इंजिनाच्या पोटाजवळचं एक बोटभर बटण काढलं. "दिवा लावतो तो हा," तो म्हणाला. "आधी हाच खोटं बोलतो का ते बघू." त्या भोकात त्याने रबरी नळी बसवली, नळीच्या टोकाला काटा असलेली तबकडी. गाडी सुरू केली. काटा ताठ वर गेला. आमचे चेहरे उजळले. "गार हाय अजून," तो म्हणाला. "गार असताना समदेच शहाणे असतात. तापू द्या."

गाडी तापली. काटा हळूहळू खाली आला आणि अगदी तळाशी जाऊन थरथरत राहिला. म्हणजे दिवा खरं बोलत होता. भंगारवाल्याने चहाचा पेला खाली ठेवला. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या होत्या. गॅरेजवाल्याने रेस दिली, काटा चढला. सोडली, काटा पडला.

"आता बेरिंगं गेली का न्हाई ते कळलं पायजे. गेली असतील तर रेस देताना खालनं ठकठक येती. जरा ऐकू द्या." त्याने कान लावला. पण मांडवातून डीजे असा घुमत होता की इंजिनच काय, माझ्या छातीतली धडधडसुद्धा माझी आहे की त्याची हे कळत नव्हतं. "हे बंद व्हायला पायजे," तो म्हणाला.

हळदीचा डीजे बंद करायला सांगणं हे आमच्या गावात फार मोठं धाडस आहे. नवरा जागचा हलला नाही. तेव्हा बाबा निघाले. गुडघ्यांवर हात ठेवत, लुंगी सावरत, थेट मांडवात गेले. तिथे काय बोलले ते ऐकू आलं नाही, पण डीजे थांबला. सगळा मांडव बाहेर बघू लागला. बाबांनी हात वर करून सगळ्यांना सांगितलं, "जराशी शांत राहा. बायकोची गारी हाय." 

बायकोची. आईंनी पदर बोटावरून सोडला. ते बोलून बसल्यावर बाबांनाही ते जाणवलं असावं, कारण त्यांनी कुणाकडेच पाहिलं नाही आणि येऊन मुकाट्याने बॉनेटपाशी उभे राहिले.

गॅरेजवाल्याने रेस दिली. नाचता नाचता थांबलेली, हळदीने पिवळी झालेली माणसं, ढोलावर हात ठेवलेले वाजवणारे, सगळी गल्ली आमच्या जुन्या गाडीचं इंजिन ऐकत होती. घरघर होती. ठकठक नव्हती. त्याने पुन्हा दिली. नव्हती.

"बेरिंगं ठीक हायत," तो म्हणाला. मांडवातून कुणीतरी शिट्टी मारली आणि डीजे पुन्हा सुरू झाला.

मग त्याने पट्टी काढली, तेल दोन बोटांत चोळलं, बोटं वेगळी केली, पुन्हा चोळलं. त्याच्या कपाळावर आठी आली. "हे तेल या गाडीचं न्हाई. पाण्यागत पातळ हाय. आन एवढं ओतलंय की आत फेस होत असणार. कोणी घातलं?"

"मी नाही," नवरा म्हणाला.

"मी तर हात पन लावत नाय," बाबा म्हणाले.

मी तर गणतीतच नव्हते. मग आई म्हणाल्या, "मी घातला."

सगळे त्यांच्याकडे वळले. त्या गॅरेजवाल्याकडेच बघत राहिल्या. "पहिला दिवा देवीच्या वलनावर लागला, तेवा मना वाटला चांगलाच हाय. मंग रोज लागाला लागला. दिवा लागला का तेल घालाचा, एवरा मना कलतंय. माल्यावर याच्या नव्या गारीचा डबा व्हता उरलेला, त्यातला घातला. घातला का शांत व्हायचा. हा दिवाच उलटा हाय. घरातला तेल घातला का जलतो, हा तेल घातला का शांत होतो. मंग परत लागायचा. परत घालायची."

"आई!" नवरा म्हणाला. "एकदा तरी सांगायचं ना!"

"सांगितला असता तर तू चावी घेतली असतीस." 

आणि चावी त्याने घेतलीच होती.

मला वाटलं, संपलं. आता गाडी वाचली तरी आई वाचत नाहीत. आता दोघे मिळून म्हणणार की बघा, हिच्या हातात गाडी द्यायलाच नको होती. मी काही बोलायला तोंड उघडलं, पण गॅरेजवालाच हसायला लागला.

"मावशी, पयल्या वेळी तुम्ही बरोबरच होता. वळणावर लागायचा कारण तेल कमी झालं होतं. वळताना ते एका बाजूला जातं न पंपाला मिळत न्हाई. जुनी गाडी तेल पिणारच. घातलंत ते बरं केलंत, न्हाईतर इंजिन त्याच वेळी गेलं असतं. पण नव्या गाडीचं तेल पातळ असतं. या म्हातारीच्या सांध्यांतनं ते निसटून जातं, दाब धरतच न्हाई. तुम्ही कालवण पातळ केलं तर भातावर थांबतं का?"

"ताटाखाली जातंय," आई लगेच म्हणाल्या.

"तेच झालं. आन जेवढं घातलं तेवढं अजून पातळ झालं."

"एवराच?" आईंनी विचारलं. त्यांचा आवाज बारीक झाला होता. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच माझ्या लक्षात आलं की त्या घाबरल्या होत्या, आणि गाडी जाईल यापेक्षा जास्त, आपण ती मारली असेल याला घाबरल्या होत्या.

"एवढंच हाय का ते तेल बदलल्यावर कळंल," तो म्हणाला. त्याने खालचा बोल्ट काढला. गेल्या कित्येक दिवसांची आईंची भक्ती घमेल्यात धो धो उतरली. नवा फिल्टर बसला, या गाडीचं जाड तेल आत गेलं, खुणेपर्यंत, थेंबभरही वर नाही. पुन्हा तबकडी जोडली. पुन्हा गाडी सुरू. पुन्हा तापायची वाट.

मासळी शिजायला लागतो त्याहून जास्त वेळ लागला. आई ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसल्या होत्या, हात मांडीवर. बाबा शेजारी बसले, सवयीने पाय त्या भोकावर. गॅरेजवाला काट्याकडे बघत होता, मी गॅरेजवाल्याकडे. काटा खाली आला, आणखी खाली आला, आणि मध्येच कुठेतरी थांबला. थरथरला नाही. त्याने रेस दिली नाही, नुसता बघत राहिला. काटा तिथेच होता.

"बसला," तो म्हणाला. "म्हातारी अजून चालंल. महिन्यातनं पट्टी बघत जावा. आन लाल दिवा लागला की तिथंच बाजूला घेऊन बंद करायची. तेल घालायचं न्हाई, मला फोन करायचा."

त्याने तबकडी काढून ते बटण परत बसवलं आणि गाडी पुन्हा सुरू करायला लावली. नवरा खिडकीतून आत वाकला आणि स्टिअरिंगच्या मागे बघत राहिला. इंजिन तापलेलं होतं, गाडी जागेवर उभी होती, आणि तिथे लाल काही नव्हतं. त्याने आईकडे पाहिलं. चावी आता तिच्याच हाताखाली होती आणि ती परत मागायची नाही हे त्याला कळलं होतं, मला दिसत होतं. तो बराच शोधून, जपून एकेक शब्द बोलला, लहानपणी बोलत असेल तसा.

"आई, दिवा शांत झाला."

आईंनी एकवार त्या काळ्या काचेकडे बघितलं.

"शांत कशाला?" त्या म्हणाल्या. "विझला बोल. विझला मेला!" आणि क्लच दाबून गियर टाकला. "आन तो पुढचा भंगाराचा टेम्पो बाजूला काराला सांग. मना मागं घ्यायला येत नाय."